अडथळ्यांची शर्यत आणि वर्गणीची वही

‘अडथळ्यांची शर्यत’ हे शब्द कानी पडले की शालेय क्रीडामहोत्सवातील एक परिचित दृश्य डोळ्यांपुढे उभे राहते. कोणी पोत्यात पाय घालून उड्या मारीत आहे, कोणी जाळीखालून सरपटताना सदऱ्याची बटणे गमावीत आहे, आणि मैदानाच्या कडेला उभे असलेले पालक हसून हसून बेजार झाले आहेत. ही शर्यत म्हणजे करमणुकीचा एक प्रकार. यापलीकडे तिला काही अर्थ असेल असे आम्हांस पुष्कळ वर्षे वाटले नव्हते. परंतु गेल्या वर्षी आषाढापासून पौषापर्यंत सहा महिने आम्ही स्वतः या शर्यतीची तयारी केली, तिच्या निमित्ताने गावात वर्गणी गोळा केली, आणि त्या काळात जे वाचले, जे जाणत्यांना विचारले व जे अंगावर बेतले, ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभी या शर्यतीचे कूळ पाहू. आयर्लंड व इंग्लंड येथील घोडेस्वार पूर्वी एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत पैजेने घोडे पिटाळीत. मनोरा दुरून दिसे, म्हणून तोच खुणेचा. मधली कुंपणे, ओढे, दगडी बांध जसे येतील तसे ओलांडावयाचे, वळसा घालावयाचा नाही. चर्चच्या निमुळत्या मनोऱ्यास इंग्रजीत ‘स्टीपल’ म्हणतात. त्यावरून या खेळास ‘स्टीपलचेस’ हे नाव पडले. पुढे घोडा गेला आणि माणूसच धावू लागला. आज ऑलिंपिकमध्ये जी ३,००० मीटरची स्टीपलचेस असते तीत धावपटूला २८ वेळा आडवे दांडे व ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांसाठी दांड्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ७६.२ सेंटिमीटर. साध्या हर्डल शर्यतीतील अडथळा पाय लागला तर पडतो. हा पडत नाही. पाय लागला तर धावणाराच पडतो.

या शर्यतीत भारताचे नाव जगापुढे नेणारा गडी मराठी आहे, हे सांगताना आम्हांस विशेष आनंद होतो. अविनाश साबळे हा बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा घरापासून काही किलोमीटर दूर, आणि त्या वाटेवर वाहन नाही. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचिनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. आणि धावण्याची खरी सुरुवात त्याने त्यानंतर केली. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक मिळविणारा केनियाचा धावपटू त्याच्यापुढे होता तो एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत साबळेने सुवर्णपदक जिंकले. आमच्या वर्गातील एका मुलाने हे ऐकून विचारले, “सर, त्याला शाळेत उशीर झाला म्हणून कोणी कधी कोंबडा केला असेल का?” आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते, पण प्रश्न आम्हालाच उद्देशून असावा असा संशय आला.

चिखल, भिंती, दोर, ओझी यांनी भरलेली जी लांब पल्ल्याची शर्यत अलीकडे शहरांतून लोकप्रिय झाली आहे, तिचे मूळ निराळे; ते सैनिकी शिक्षणात सापडते. फ्रान्सच्या आरमारातील अधिकारी जॉर्ज एबेर हे १९०२ साली मार्टिनिक बेटाकडे होते. त्या वर्षी ८ मे रोजी तेथील पेले ज्वालामुखीचा स्फोट होऊन सेंट पिएर हे गाव काही मिनिटांत भस्मसात झाले. वाचलेल्यांना सोडविण्याच्या कामात एबेर होते. संकटाच्या वेळी ज्याला चढता, सरपटता, पोहता व दुसऱ्याला उचलून नेता येते तोच उपयोगी पडतो, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला, आणि त्यावर त्यांनी व्यायामाची एक पद्धती उभारली. सैनिकांना आजही ज्या अडथळ्यांच्या मार्गावरून पळवितात, त्याची वंशावळ तेथपर्यंत पोहोचते. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनजवळ १९८७ पासून ‘टफ गाय’ नावाची अशी शर्यत ऐन जानेवारीच्या गोठविणाऱ्या थंडीत भरत असे, आणि तिच्या उत्पन्नातून टाकून दिलेल्या घोड्यांचे पालन होत असे. २०१० नंतर अमेरिकेत अशा शर्यतींचे पेवच फुटले. आपल्याकडील मोठ्या शहरांतही त्या भरतात. प्रवेशशुल्क मात्र आमच्यासारख्याच्या छातीत धडकी भरेल इतके असते.

अर्थात, चिखल आम्हांस परका नव्हे. आमची मातृभाषा कोंकणी. आमचे बालपण गेले त्या भागात पावसाळ्याचे चार महिने शाळेची वाट म्हणजे दोन व्हाळ, एक साकव आणि शेतांच्या निसरड्या मेरा. गोव्यात माशेल येथे देवकीकृष्णाच्या मंदिरासमोर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो. थोर-लहान सारे अंगाला तेल माखून चिखलात लोळतात, खेळतात, आणि त्यास कोणी वेडेपणा म्हणत नाही. येथे बालाघाटास आल्यावर धानाच्या बांध्यांत रोवणी करणाऱ्या बायका घोटाभर चिखलात दिवसभर वाकून, गाणी म्हणत काम करताना पाहिल्या, तेव्हा मनात आले की ज्या श्रमासाठी शहरातील माणूस शुल्क भरतो तोच श्रम येथे मजुरीसाठी करावा लागतो. ही विसंगती ज्याला दिसत नाही त्याने अशा शर्यतीत उतरूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता दुसरा प्रश्न. आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. धावण्याचा व दानाचा संबंध काय? दहावीतील एका चौकस मुलीने तोंडावर विचारले, “इतका खटाटोप करण्यापेक्षा सरळ पैसे मागितले तर काय बिघडले?”

याचे उत्तर शोधताना आम्हांस धोंडो केशव कर्वे आठवले. कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला, बालपण मुरुड गावी गेले. १८७५ साली, सतराव्या वर्षी, सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठी ते मुरुडहून साताऱ्यास पायी निघाले. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे जवळजवळ १७७ किलोमीटर, दिवस पावसाचे, वाटेत रान, ओढे आणि सह्याद्रीचा घाट. एवढे सारे पार करून मुलगा परीक्षेच्या ठिकाणी पोहोचला, आणि तेथे त्याला सांगण्यात आले की तू वयाने फार लहान दिसतोस, तुला बसता येणार नाही. ही हकीकत त्यांनी स्वतः आपल्या ‘आत्मवृत्त’ या पुस्तकात लिहिली आहे. अडथळ्यांची शर्यत धावून जाऊन शेवटची दोरीच कोणी गुंडाळून ठेवावी, तसा हा प्रकार.

परंतु त्या चार दिवसांनी पायांना जी सवय लावली ती वाया गेली नाही. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारा हा प्राध्यापक हिंगण्याची चिखलवाट पायी तुडवीत राहिला. सुटी लागली की गावोगाव वर्गणीसाठी हिंडणे हा त्यांचा नेम. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले, आणि वयाची सत्तरी ओलांडल्यावर १९२९ पासून त्यांनी युरोप, अमेरिका, जपान व पुढे आफ्रिका असा प्रवास विद्यापीठासाठी केला. त्यांना लोकांनी पैसे दिले ते त्यांच्या वक्तृत्वाला भाळून नव्हे. वक्ते म्हणून त्यांची ख्याती कधीच नव्हती. हा माणूस स्वतः झिजत आहे हे लोकांना डोळ्यांनी दिसत होते. १९५८ साली, त्यांच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ साली ते निवर्तले.

त्या चौकस मुलीला आम्ही एवढेच सांगितले की मागणारा हात रिकामा असला तर देणारा संशयाने पाहतो. मागणाऱ्याने आधी स्वतःचे काही ओतले असेल तर देणाऱ्याला भागीदार झाल्यासारखे वाटते. तिचे समाधान झाले नाही. तिने विचारले, “मग कर्व्यांनी आश्रम चालविला, तुम्ही काय चालविता?” अशी विद्यार्थिनी प्रत्येक शिक्षकाला एकदा तरी मिळावी.

थोडथोडके पण सर्वांकडून, हे तत्त्वही आपल्याकडे जुने आहे. अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ काढला, तो प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा या कल्पनेवर. लोकमान्य टिळकांचे पाठबळ मिळाले, आणि १९०८ साली त्या पैशा-पैशातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. पुढे बहात्तर वर्षांनी कॅनडातील एका तरुणाला हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली. टेरी फॉक्स याचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली गुडघ्याच्या वर कापावा लागला होता. कर्करोगाच्या संशोधनासाठी प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर मिळावा, म्हणून त्याने कृत्रिम पायावर देश ओलांडण्याचे ठरविले. वर्षभराहून अधिक काळ त्याने तयारी केली. १२ एप्रिल १९८० रोजी अटलांटिकच्या काठावरून तो निघाला व दररोज मॅरेथॉनएवढे, म्हणजे जवळजवळ ४२ किलोमीटर, अंतर धावू लागला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले, आणि १ सप्टेंबर रोजी थंडर बे गावाजवळ त्याला थांबावे लागले. रोग फुप्फुसांत पोहोचला होता. पुढील जूनमध्ये, तेविसावे वर्ष पुरे होण्याआधी, तो गेला. पण त्यापूर्वी फेब्रुवारी १९८१ मध्येच निधी २ कोटी ४१ लाख डॉलरांवर गेला होता, म्हणजे तेव्हाच्या कॅनडाच्या लोकसंख्येइतका. माणशी एक डॉलर.

आता आमची स्वतःची गोष्ट. ती सांगावयास जड जाते. परंतु तिच्याशिवाय हा लेख अप्रामाणिक ठरेल.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात क्रीडाशिक्षक रजेवर असताना आम्ही त्यांचा तास घेतला. ऊन चढले होते. मुलांना मैदानाच्या फेऱ्या मारावयास सांगितल्या. नववीतील एक सडपातळ मुलगा तिसऱ्या फेरीला थांबला व पाय दुखतात म्हणू लागला. आम्ही त्यास सर्वांसमक्ष आळशी म्हटले आणि आणखी एक फेरी मारावयास लावली. ती त्याने मारली. त्या रात्री त्याच्या हातापायांत व पाठीत असह्य कळा सुरू झाल्या. आठ दिवस तो रुग्णालयात होता. तेथे रक्त तपासले, तेव्हा त्याला सिकलसेल असल्याचे प्रथमच कळले. त्याची आई शाळेत आली ती तक्रार करावयास नव्हे. त्याची हजेरी कापू नये, एवढीच विनंती तिने केली. (हे सारे त्या दोघांच्या संमतीने लिहीत आहोत, नाव अर्थातच लिहीत नाही.)

आम्ही कला शाखेचे पदवीधर. रक्तातील तांबड्या पेशींविषयी आमचे ज्ञान शालान्त परीक्षेबरोबरच संपलेले. विज्ञानाच्या बाईंकडून जे समजून घेतले ते येथे देतो, कारण आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक घराने ते जाणणे अगत्याचे आहे. निरोगी तांबडी पेशी चपटी, गोल व लवचीक असते. ती सुमारे १२० दिवस जगते. तिच्यातील हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. या द्रव्याच्या घडणीत एका ठिकाणी एक घटक बदलला की, प्राणवायू कमी पडताच पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वाकते. धान कापावयाचा विळा आपण सर्वांनी पाहिला आहे. नेमका तसा आकार. अशा वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्ताची वाट तुंबते, आणि रुग्णाला कळा येतात. शिवाय या पेशी लवकर मरतात, म्हणून अंगात रक्त कमी राहते. पाणी कमी पिणे, अतिश्रम, फार ऊन, फार थंडी, ताप, या सर्वांनी कळा उठण्याचा धोका असतो. म्हणजे आम्ही त्या दिवशी त्या मुलाच्या बाबतीत जे जे करू नये ते सारे एका तासात करून दाखविले होते.

हा रोग स्पर्शाने, सहवासाने वा उष्ट्या अन्नाने होत नाही. तो आईबापांकडून येतो, आणि दोघांकडूनही यावा लागतो. एकाकडूनच आला तर मूल वाहक होते. आपल्याकडे रुग्णालयांतून त्यास ‘एएस’ म्हणतात व रुग्णास ‘एसएस’. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाच्या वेळी मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, आणि पूर्णतः निरोगी असण्याची चारात एक. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याचा हिशेब बदलत नाही. नाणे मागचा डाव लक्षात ठेवीत नसते. बालाघाट, मंडला, डिंडोरी आणि पलीकडे गोंदिया, गडचिरोली या साऱ्या पट्ट्यात हा रोग आहे. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात शहडोल येथून सुरू झाले, आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले.

वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. परंतु अत्यंत कठोर श्रम, ऊन आणि पाण्याची कमतरता एकत्र आली तर क्वचित वाहकही कोसळतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेने २०१० पासून आपल्या वरच्या श्रेणीतील खेळाडूंना याकरिता रक्ततपासणी सांगितली, ती असे मृत्यू घडले म्हणूनच. हे वाचले त्या दिवशी आम्ही ठरविले की शर्यत भरवावयाची तर आधी तपासणी, मग धावणे. काही पालक बिथरले. “मुलीचा रिपोर्ट तसा निघाला तर लग्न कसे व्हायचे?” हा प्रश्न दबलेल्या आवाजात आला. आम्ही सांगितले की अहवाल फक्त पालकांच्या हाती जाईल, शाळेत कोणीही तो पाहणार नाही. धावावयाचे किंवा नाही एवढेच पालकांनी कळवावे. तरीही काहींनी नकार दिला. त्यांची मुले धावली नाहीत, आणि ती का धावत नाहीत हे कोणी विचारले नाही. कारण, तो मुलगा कागदावर वेळ टिपण्यास बसला, तेव्हा त्याच्याबरोबर आणखी पाच-सहा जण टिपणीस नेमले होते.

निधीचा उद्देशही त्याच्या आईच्या एका वाक्यातून ठरला. औषध सरकारी रुग्णालयात फुकट मिळते. पण तेथे जावयास बसभाडे लागते, आणि त्या दिवशीची मजुरी बुडते. मोठे उपचार, मोठी रुग्णालये यांची स्वप्ने आम्ही पाहिली नाहीत. शाळेतील ज्या मुलांना नियमित तपासणीस जावे लागते त्यांचा व सोबतच्या माणसाचा प्रवासखर्च, एवढेच.

तयारीविषयी आता थोडे विस्ताराने लिहितो. शहरातील शर्यतीचे शुल्क भरण्यापेक्षा मार्ग येथेच आखावा असे ठरले. आम्ही, दोन सहकारी शिक्षक आणि बावीस मोठे विद्यार्थी-विद्यार्थिनी मिळून पंचवीसजण. सुरुवात अगदी साधी केली: पहिले तीन आठवडे केवळ भराभर चालणे. मग चालणे-धावणे आलटून पालटून. एका आठवड्यातले अंतर मागील आठवड्यापेक्षा फार तर दहाव्या हिश्शाने वाढवावे, असा धावणाऱ्यांचा एक संकेत आहे, तो आम्ही पाळला. आणि तो कंटाळवाणा वाटतो म्हणून ज्या दोघांनी मोडला ते दोघेही नडगी धरून बसले. हृदय व फुप्फुसे चटकन तयार होतात. हाडे आणि स्नायुबंध सावकाश तयार होतात. दम टिकतो आहे असे वाटून माणूस फसतो तो येथेच.

पाऊस ओसरल्यावर वैनगंगेच्या काठच्या रेतीवर धावू लागलो. रेतीत पाऊल रुतते, जमीन मागे सरकते, आणि प्रत्येक पावलाची शक्ती थोडी मातीमोल होते. कठीण जमिनीवरील धावण्याच्या मानाने सुमारे दीडपटीहून अधिक शक्ती रेतीवर खर्च होते, असे मोजून पाहिलेले आहे. अर्धा तास झाला की पोटऱ्या बोलू लागतात. नदीच्या पात्रात मात्र आम्ही कोणालाही उतरू दिले नाही. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली रेती काढलेले खड्डे असतात. येथे धाडस करणारा शूर नव्हे, मूर्ख.

हातांची तयारी सर्वांत कठीण गेली. भिंतीवर चढणे किंवा दोर चढणे यांत दंडापेक्षा पंजाची पकड अधिक लागते, आणि लेखणी धरणाऱ्या पंजात ती नसते. या कामी मल्लखांब मोठा उपयोगी पडला. मध्यप्रदेशाने २०१३ साली मल्लखांबास राज्यक्रीडा म्हणून मान दिला हे विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. पण या विद्येला नवे जीवन देणारे बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते, हेही ठाऊक असावे. दोरीच्या मल्लखांबावर चढताना पायांनी दोर कसा चिमटीत धरावा हे एकदा साधले की हातांवरचा भार निम्मा होतो. मुलींना हे मुलांपेक्षा लवकर जमले. आम्हांस शेवटपर्यंत नीट जमले नाही, त्याविषयी पुढे.

उतरण्याचे शिक्षणही द्यावे लागते. आमच्या गावी नारळ काढणारा पाडेली माडावर खारीसारखा चढे, पण उतरताना त्याचे एक एक पाऊल पाहून ठेवलेले असे. लहानपणी आम्ही त्याला याचे कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला की वर जाताना डोळे वर असतात, खाली येताना डोळे नसतात. भिंतीवरून उडी न टाकता हातांनी लोंबकळून, गुडघे किंचित वाकवून खाली यावे, हा नियम आम्ही त्या पाडेलीच्या नावाने शिकविला. चिखलाच्या खड्ड्यासाठी जुनी बांधी न घेता चाळलेली माती आणून नवा खड्डा केला, काच-खिळे शोधून काढले, प्रत्येकाने धनुर्वाताची लस घेतली आहे याची खात्री केली, आणि अंगावर जखम असलेल्यास त्या दिवशी चिखल वर्ज्य केला. कोकणात चिखलातून होणाऱ्या लेप्टोच्या तापाने घरची कर्ती माणसे गेलेली आम्ही पाहिली आहेत. त्या बाबतीत आम्ही थट्टा खपवून घेत नाही.

मार्ग चार किलोमीटरांचा झाला. त्यावर बारा अडथळे: सात फुटांची फळ्यांची भिंत, बांबूची शिडी, खाणीच्या मालमोटारींचे टाकून दिलेले टायर उलटवीत नेणे, रेतीचे पोते खांद्यावर घेऊन टेकाड चढणे, जाळीखालील चिखल, इत्यादी, आणि शेवटचा पंधरा फुटांचा दोर. पुस्तकांतील सर्व अडथळे येथे आणता आले नाहीत. विजेच्या तारा व बर्फाचे पाणी यांचे कौतुक आम्हांस नाही.

वर्गणीची पद्धत अशी ठेवली. प्रत्येक धावणाऱ्याने आपल्या ओळखीच्या घरी जावे आणि ‘मी जितके अडथळे पार करीन त्या प्रत्येकामागे तुम्ही किती द्याल?’ असे विचारून आकडा वहीत लिहून घ्यावा. पैसे आधी घ्यावयाचे नाहीत. शर्यत झाल्यावर, झालेल्या अडथळ्यांचेच. एकट्या मुलाने वा मुलीने अनोळखी दारी जाऊ नये. प्रत्येक रकमेची पावती, पावतीवर दोन सह्या, आणि दर शनिवारी जमाखर्च शाळेच्या फलकावर. कोणत्याही आजारी मुलाचे चित्र किंवा नाव दाखवून पैसा मागावयाचा नाही, हा नियम आम्ही सर्वांत वर लिहिला. एका सद्गृहस्थांनी सांगितले की मुलाला दुकानावर आणून दाखवा, दुप्पट देतो. त्यांच्याकडून आम्ही काहीच घेतले नाही. वहीत त्यांच्या नावापुढे रेघ आहे.

उलट बाजारच्या रस्त्यावर मुरमुरे-फुटाणे विकणाऱ्या एका म्हातारीने आमच्या नावावर अडथळ्यामागे दोन रुपये लिहविले, अंगठा उठविला, आणि विचारले की मोजणार कोण? आम्ही म्हणालो, मुले मोजतील. “मुलं तुमचीच,” ती म्हणाली. “मी येतो मोजाले.”

पौषातील त्या रविवारी सकाळी धुके होते. म्हातारी टोपली घेऊन खरोखरच आली व दोराजवळच्या दगडावर बसली. शर्यतीचे वर्णन लांबवीत नाही. पंचवीसपैकी तेवीसजणांनी मार्ग पुरा केला. एकीचा पाय मुरगळला, एकाने दम लागल्याचे सांगून स्वतःच थांबणे पत्करले, आणि त्याला कोणीही आळशी म्हटले नाही. आम्ही अकरा अडथळे पार करून दोराशी आलो, तेव्हा हात चिखलाने भरलेले, पंजे सुन्न. तीनदा चढलो, तिन्ही वेळा आठ-नऊ फुटांवरून घसरलो. शेजारून एक आठवीची मुलगी सरसर वर जाऊन घंटा वाजवून खाली आली. चौथ्यांदा दोराला हात घातला, तेव्हा टिपणीस म्हणून बसलेला तो मुलगा म्हणाला, “सर, आता पुरे. हात थरथरत आहेत.” आम्ही थांबलो. त्याने आमच्या नावापुढे बाराव्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत ‘अपूर्ण’ असे लिहिले.

सर्व वर्गणी जमा होण्यास तीन आठवडे लागले. एकूण १८,४६० रुपये झाले. त्यातून सात मुलांच्या प्रवासाची वर्षभराची सोय झाली, आणि थोडी शिल्लक उरली ती पुढील वर्षाच्या खाती ओढली आहे.

म्हातारीकडे आम्ही स्वतः गेलो. तिने कनवटीचे पैसे काढून दोनदा मोजले आणि बावीस रुपये दिले. “अकराच झाले, गुरुजी. बाकीचे दोन रुपये दोर चढाल तवा घेऊन जा.” मुलाने ते वहीत ‘येणे’ या सदराखाली लिहून ठेवले आहे, आणि दर सोमवारी प्रार्थनेनंतर तो ती वही आमच्या टेबलावर, त्याच पानावर उघडून ठेवतो.